फुकट गेलेली हाक

४ मार्च

गप्प! आजपासून कार्यक्रम होईपर्यंत अगदी गप्प!

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून आत पाहिलं. म्हणाले, "सूज आहे. एक शब्द बोलायचा नाही. कुजबूजसुद्धा नाही. आणि चुकून ओरडलात तर गाणं विसराच." मी म्हणाले, "बरं." त्यांनी कपाळाला हात लावला. "सुरुवात छान झाली!"

म्हणून ही वही. घरच्यांशी आणि दुकानात बोलायला पाटी, आणि मनातलं सगळं इथे. नाहीतर माझं पोट फुटेल!

इतकी वर्षं वृंदात मागच्या रांगेत उभी राहून नुसतं आ-आ केलं. गेल्या आठवड्यात मास्तरांनी बोट दाखवलं – मधल्या चार ओळी तू, एकटीने. मी! पुढे येऊन! आरशासमोर पुढे यायची तालीमही केली. गाता येत नाही म्हणून नुसती चालले.

६ मार्च

नवरा बेहद्द खूश. "काय शांतता आहे गं घरात!" पाटीवर लिहिलं – "भोगाल."

सासूबाई त्याहून खूश. लग्न झाल्यापासून आमच्या दोघींच्या तोंडाचे पट्टे समोरासमोर चालत आलेत, आता त्यांना मैदान मोकळं! मीठ जास्त पडलं, पडदे मळलेत, आणि "चाळिशीत स्टेजवर उभं राहून गळे काढायची हौस कशाला म्हणते मी!" मी मूग गिळून बसले. पाटीवर लिहिलं असतं, पण त्यांना चष्मा सापडेपर्यंत पुढचा टोमणा तयार.

त्यांना ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते पर्समध्ये. का? तर सेल उगाच संपतात! म्हणजे घरात एक बहिरी, एक मुकी आणि एक मजा बघणारा.

९ मार्च

दुकानात धमाल! मी बटणं विकते – भिंतभर खण, खणाखणात बटणं. मी बोलत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकंही कुजबुजायला लागलीत. एक बाई काउंटरवरून वाकून माझ्या कानाशी – "काळी... चार भोकांची... सहा..." जसा काही चोरीचा माल! मालक म्हणाले, "बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. तुझी तर न बोलता बटणं खपायला लागली!" हसायलाही बंदी, म्हणून काउंटरखाली बसून नुसते खांदे हलवले.

१३ मार्च

तालीम. माझ्या ओळी सध्या बासरी म्हणते. वृंदातली सगळ्यात लहान, आवाज तसाच म्हणून हे नाव. गोड गाते मेली! मास्तर म्हणाले, "तू काळजी करू नकोस, जागा तुझीच आहे." रस्त्याने नाचत आले. मुक्याने.

१७ मार्च

ओरडले.

१८ मार्च

काल लिहवलंच नाही. आता लिहिते.

मी दुकानाच्या दारात होते. सासूबाई रस्ता ओलांडून येत होत्या – मी डबा विसरले, तो द्यायला. आणि मालाचा ट्रक उलटा, मागे मागे, थेट त्यांच्यावर! त्या खाली बघून पिशवी सावरतायत.

"आईऽऽऽ!"

असला आवाज जन्मात काढला नव्हता. कबुतरं उडाली. शेजारचा न्हावी हातात कात्री घेऊन बाहेर आला, त्याच्या मागे साबण लावलेलं गिऱ्हाईक! सासूबाईंनी? मानसुद्धा वर केली नाही. मशीन पर्समध्ये! आणि ट्रकवाल्याने आरशात त्यांना आधीच पाहिलं होतं. काचा बंद, आत गाणी लावलेली, त्यालाही माझा आवाज ऐकू गेला नाही. तो आपला आपणच थांबला. सासूबाई निवांत आल्या, डबा हातात दिला. "तोंड काय उघडं टाकलंयस? माशी जाईल."

मी तोंड मिटलं. घशात काच गेल्यासारखं दुखत होतं.

१९ मार्च

डॉक्टर म्हणाले, आत रक्त साकळलंय. बोलणं हळूहळू येईल. गाण्याचं मात्र नाव काढू नका, आता नाही आणि पुढेही नाही.

येताना नवरा म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं. अगं, उपयोग तरी काय झाला?" मग त्याचेच डोळे भरले. मी रिक्षात त्याच्या खांद्यावर रडले. आवाज न करता रडणं फार कठीण असतं!

आईंना यातलं काही सांगायचं नाही, अशी त्याला पाटीवर शपथ घातली.

२१ मार्च

आज बटणं निवडता निवडता एकदम हसूच फुटलं! अगं बाई, मी विचारच केला नाही! मी – जी शेवटचा घास कुणाला देत नाही! पंधरा दिवस सासूबाईंच्या एकेका टोमण्याला मनात उत्तर घोटून ठेवलेलं, आणि ट्रक आला तेव्हा ना टोमणे आठवले, ना त्या चार ओळी!

हाक ऐकू गेली असती तर माझा सत्कार झाला असता, पेपरात फोटो आला असता. ऐकू गेली नाही म्हणून मी बावळट. पण माझ्या घशातून गेलं ते दोन्हीकडे सारखंच ना? ओरडताना मला कुठे ठाऊक होतं ट्रक थांबणार आहे ते! मग मी शूर की नाही? आहे! वहीला सांगायला कसली लाज? घसा ठणकतोय आणि भलतंच भारी वाटतंय!

२४ मार्च

कार्यक्रम झाला. बासरी माझ्या चार ओळी गायली. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या. मत्सर वाटला थोडा. थोडा कसला, चांगला सणसणीत! पण टाळ्या खऱ्या होत्या.

२५ मार्च

सासूबाई सकाळपासून गप्प. मीठ नाही, पडदे नाहीत! नवरा घाबरलाय – "आई रुसली का? काय लिहिलंस पाटीवर?" मी काही नाही लिहिलं! बरं, मशीन चक्क कानात. माझ्याकडे बघतात आणि नजर वळवतात.

२६ मार्च

आज सासूबाईंनी माझ्या हातातली पाटी ओढून घेतली. मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं – "न्हाव्याने हाकेचं सांगितलं, तुझ्या मालकांनी घशाचं. तू परत गाईपर्यंत मी बोलणार नाही."

मी घाईघाईने खाली लिहिलं – "आई, वेडेपणा करू नका! डॉक्टर म्हणालेत, गाणं आता कधीच नाही."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. पदराने पाटी पुसली आणि लिहिलं – "ठाऊक आहे."