दोन ठोक्यांमधलं अंतर

६ सप्टेंबर १९५६, गुरुवार
छातीत धडधड. परळच्या हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढला. डॉ. हेमचंद्र म्हणाले, काही नाही, रिटायर झाल्यावर असं वाटतं. पटलं नाही. कागदाच्या पट्टीचा तुकडा मागून आणला.

७ सप्टेंबर, सकाळी ९
पस्तीस वर्षं म्युनिसिपालिटीत ड्राफ्ट्समन होतो. डिव्हायडर लावून ठोक्यांमधली अंतरं मोजली. मिलिमीटरमध्ये: २०, २१, २२, २०, २१. लागोपाठची दोन अंतरं सारखी नाहीत! डॉक्टरांच्या हे लक्षातच आलं नाही. केस दुर्मिळ आहे.
संकल्प: चहा बंद. दर गुरुवारी कार्डिओग्राम.

१३ सप्टेंबर
कार्डिओग्राम कौसल्याबाई काढतात. चाळिशीच्या असाव्यात. मनगटाला पट्टा बांधताना म्हणाल्या, "काका, हात सैल सोडा." मालन गेली त्याला तीन वर्षं झाली, त्यानंतर माझा हात कुणी हातात घेतला नव्हता. अर्थात ही टेक्निकल बाब. 'आजोबा' म्हणाल्या नाहीत, याची नोंद.
चहा दोनदा. प्रयोगासाठी.

२० सप्टेंबर
संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, बस बंद. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, पण मोर्चा गुरुवारीच कशाला? दादरहून चालत गेलो. कौसल्याबाई रागावल्या. धडधडतंय म्हणता आणि एवढं चालत येता? माझी काळजी वाटते, हे उघड आहे.

४ ऑक्टोबर
आलेख पुरा. सहाशे ठोके, लाल आणि निळी शाई. डॉक्टर बराच वेळ बघत होते. अक्षर फार सुंदर आहे, म्हणाले. मग विचारलं, पंचवीस तारखेला विद्यार्थ्यांच्या वर्गात येऊन बसाल का?
शेवटी पटलं!

२४ ऑक्टोबर
कोट इस्त्री करून आणला. भाषण तयार, नऊ पानं. शेजारच्या उर्मिलावहिनींना सांगावं म्हणून दोनदा गॅलरीत गेलो. त्या दिवाळीच्या चकल्यांत. "हो का? बरं हां," म्हणाल्या आणि आत गेल्या. गडबड असते त्यांना.

२५ ऑक्टोबर, दुपार
चाळीस विद्यार्थी. माझी पट्टी फळ्यावर डकवलेली. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, अठ्ठावन्न वर्षांचं निरोगी हृदय. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. सगळ्यांचंच होतं असं. अगदी घड्याळासारखे पडायला लागले, तर मात्र काळजी करायची."
चाळीस जणांनी वहीत उतरवून घेतलं. भाषणाला वेळ उरला नाही.
बाहेर कौसल्याबाई भेटल्या. विचारलं, पुढच्या गुरुवारी किती वाजता येऊ?
"आता कशाला, काका? सुटलात की! घरी सगळ्यांना सांगा, काही झालेलं नाही म्हणून."
सांगतो म्हणालो.
खोलीवर आलो. कुलूप काढलं, खिडकी उघडली. मग 'काही झालेलं नाही' असं एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.