बुरांस फुलण्याआधी

मांजी,

काढा चुलीपाशी झाकून ठेवलाय, गरम करून घ्या. आज गच्चीवर यायचं नाही.

वसंतपंचमी झाली की खोलीतली सावकाश आसनं बंद आणि पहाटे गच्चीवर भराभर सूर्यनमस्कार, हा नेम मीच घातला. तुम्ही म्हणाला होतात, "बहू, आपल्या पहाडात बुरांसाची झाडं लाल फुलल्याशिवाय वसंत येत नाही. थोडं थांब." मी तुमच्यापुढे पंचांग धरलं. शिवाय आपल्यासोबत साधनेला येणाऱ्या गल्लीतल्या बायकांसमोर बोलले, "हिवाळा सरला, मांजींचा आळस तेवढा सरेना!" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "पंचांगात लिहिलंय ना, मग सरेल गं." गुडघ्यावर हात टेकून उठलात.

चार दिवस मी लोकरीच्या मोज्यांवरूनच तुमच्या पाया पडत होते. काल मोजे नव्हते, तेव्हा कळलं किती ताप आहे. सुनेचा नेम मोडू नये म्हणून तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

आता बिशंबरी काकींपासून एकेकीच्या दारी जाऊन सांगणार आहे, की मांजी आळशी नव्हत्या, तापाने फणफणल्या होत्या आणि मला ते दिसलं नाही. बुरांस फुलेपर्यंत सगळ्यांनी खालच्या खोलीतच बसायचं. येताना वैद्यजींना घेऊन येते.

आज साधना केली नाही. पहाटे तुमच्या दाराशी उभी राहून तुमचा खोकला ऐकत होते. आत यायला तोंड नव्हतं, म्हणून हे लिहिलं.

देवेश्वरी