दत्ताच्या जीपला ट्रकचे एक्सल

८ जुलै १९७४
दत्ताची जीप परत बसली. शिराळ्याच्या वरच्या चढाला, दुधाच्या भरल्या कॅनांसकट. ट्रकला बांधून इस्लामपूरला गॅरेजात आणली तवा दुपार टळून गेली होती. मागचा हाफ शाफ्ट, चाक फिरवणारा दांडा, तुटला. ह्याच पावसाळ्यात दुसऱ्यांदा. दूध सगळं नासलं.

धाकटा भाऊ म्हणून कौतुक करत न्हाई, पर पोरगं जिद्दीचं. एकाहत्तरच्या लढाईत उजवा पाय गुडघ्याखालनं गेला. घरी आला तर गावातल्या बायाबापड्या तोंडावर "बिचारा" म्हणायच्या. मोडीतली मिलिटरी जीप घेतली, वरच्या वस्त्यांचं दूध खाली आणायला लागला, तवापासून ते बंद झालं. नकली पायानं ब्रेक मारतो, शेजारी बसलेल्याला कळत बी न्हाई. आज मात्र बाकड्यावर बसून म्हणाला, "आण्णा, गाडी गेली की मी परत खाटेवर." म्हटलं, गप चहा पी.

पाठ लय दुखतीय. वय झालं आता ह्या कामाचं.

११ जुलै
साताऱ्याला जाऊन आलो. मोडवाल्याकडं मिलिटरी ट्रकचे एक्सल मिळाले. पुढचा-मागचा, एकाच गाडीचे. हे बरं झालं, न्हाईतर पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरं. असलं लोखंड की मोडायचं नावच नको. उतरवताना चौघं घामाघूम.

ही दारातनं बघून म्हणाली, "आवं, शेळीला हत्तीचे पाय लावताय व्हय?" सगळी हसली. मी बी हसलो, पर आतनं राग आला. एसटीत उभा राहून साताऱ्याला गेलो-आलो ते काय हसण्यासाठी?

१४ जुलै
जीपचे जुने एक्सल काढले. नव्यावर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका जमंनात. शेवटी जुन्याच एक्सलची नळी कापली, तिच्या तुकड्यांच्या बैठका केल्या आणि वेल्डिंग मारलं. सांगलीचा लेथवाला इसाकभाई शाफ्ट कापून लांबीला लावून देणार. म्हणाला, "उस्ताद, ही गाडी नातवाला पुरंल." बरं वाटलं ऐकून.

दत्ता रोज एसटीनं येतो. पाने हातात देतो, बोल्ट धुतो. "आण्णा, बसून बघू का जरा?" म्हटलं, आधी चाकं तर लागू दे रं.

१८ जुलै
पाऊस, वीज गेलेली, अंग आंबलेलं. तरी चाकं बसली. जीपचं बॉनेट आता माणसाच्या छातीला येतंय.

ब्रेकनं दिवस खाल्ला. ब्रेकचं तेल ढकलणारा जीपचा मास्टर सिलिंडर ट्रकच्या एवढ्या मोठ्या ड्रमांना पुरंना, पेडल तळाला जायचं. म्हणून ट्रकचाच मास्टर बसवला. ट्रकात ब्रेक हलका करायला एक व्हॅक्यूमचा डबा असतो. तो मोडवाल्याकडं न्हवता. डब्यावाचून चालतंय. जरा जोर लागतो, पर दाबलं की जागच्या जागी धरतंय. जेवलो न्हाई, तसाच आडवा झालो.

२१ जुलै
वाळूची पोती भरून जीप डोंगरावर घातली. चिखलातनं, दगडातनं, कुठं कुरकुर न्हाई. उताराला ब्रेक मारून मारून बघितला.

दत्ता म्हणत होता मी चालवतो. दिली न्हाई. मिलिटरी वर्कशॉपात आमची रीतच तशी. ज्यानं दुरुस्त केली त्यानं भरून चालवायची, त्याची खात्री पटंस्तवर मालकानं सीटला शिवायचं न्हाई. वीस वर्षं तसंच केलं. आता काय मोडणार?

२४ जुलै, नागपंचमी
आज कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, गॅरेजला कुलूप. हिनं पुरणाची दिंडं केली. अजून दोन दिवस चालवून बघायचा बेत होता, पर दत्ता सकाळीच नारळ घेऊन दारात. सणाचा दिवस, गाडी तयार, आणि त्याचं ते तोंड. दिल्या चाव्या.

चाकाखाली लिंबू ठेवून निघाला. कोपऱ्यावर वळताना अख्खा भार स्टेअरिंगवर टाकला. मागं बघून हात केला, दात दिसत होते सगळे. लय दिवसांनी दुपारी झोपलो.

२९ जुलै
दत्ताची बायको सुमन एकटीच एसटीनं आली. मी थोरला दीर, माझ्याशी बोलत न्हाई ती. स्वयंपाकघरात हिच्याजवळ बसली. पिशवीतनं मोजा काढला, नकली पायात खुंटावर घालायचा. रक्तानं कडक झालेला.

"आक्का, ब्रेक दाबून दाबून सगळं सोलवटलंय. मला बी दावत न्हवते. धुवायला टाकलेला सापडला." मग रडत म्हणाली, "आण्णास्नी सांगू नका म्हणालेत."

मी दाराआड उभा. सगळं ऐकलं. आत जायचं धाडस झालं न्हाई.

३० जुलै
वर गावाला गेलो. दत्ता खाटेवर, पाय उघडा. बघवंना.

"सांगायला तोंड न्हवतं का रं तुला?"
"तू एवढा राबलास. कुठल्या तोंडानं सांगू?"
"ड्रायव्हर ठेवू."
"आणि मी काय करू, आण्णा? शेजारी बसून बिड्या ओढू?"

मग उघड्या पायावर चादर ओढली. शेवटी म्हणाला, "तू लोखंड बघितलंस. माझा पाय बघितलाच न्हाईस."

वाळू भरून बघितली, चिखलात घालून बघितली, आणि ब्रेक दाबला तो माझ्या धडधाकट पायानं. मूर्ख तो मूर्ख. जुने एक्सल परत लावावेत तर माझ्याच हातानं कापून ठेवलेत. येताना एसटीत डोळ्याला पाणी आलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुणी गेलं का? न्हाई म्हटलं.

१ ऑगस्ट
त्या व्हॅक्यूमच्या डब्यासाठी कराड पालथं घातलं, सांगली बी. न्हाई. साताऱ्याचा मोडवाला म्हणतो बघतो. त्याचं बघणं म्हणजे दिवाळी. आणि डबा मिळाला तरी ते जडशीळ स्टेअरिंग हायच. डॉक्टरनं दत्ताला सांगितलंय, जखम भरंस्तवर पाय लावायचा न्हाई, चिघळला तर आणखी वरनं कापावा लागंल. सुमननं निरोप धाडलाय, परवापासनं परत गाडीवर जाणार म्हणतात.

दमलो. कामानं न्हाई दमलो.

३ ऑगस्ट
काल दत्ताकडं मुक्कामालाच गेलो. आज पहाटे उठून जीपपाशी आलो, म्हटलं मीच चालवतो. दत्ता आधीच सीटवर. नकली पाय चढवलेला. कॅन भरलेले. सुमन दारात, तोंडाला पदर.

"उतर," म्हटलं.
"शेजारी बस न्हाईतर रस्ता सोड."

बसलो. चढाला गाडी झकास. उताराला त्यानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळलं आणि ब्रेक दाबला. गळ्याच्या शिरा टरारल्या, ओठ दातात. मी हॅण्डब्रेकला हात घातला, त्यानं झटकला. खाली पोचंस्तवर माझा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबून धरलेला.

"आण्णा, तिथं ब्रेक न्हाई," म्हणाला.

डेअरीत कॅन उतरले. त्याची पँट गुडघ्याखाली ओली दिसली, पाऊस न्हवता. मी चावीला हात पुढं केला. त्यानं चावी दिली न्हाई, पर खिशात बी घातली न्हाई. मुठीत धरून बसला. शेवटी मीच म्हटलं, चल. परत त्यानंच आणली.

आज बी इथंच मुक्काम. सुमननं ताट वाढलं आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "आण्णा, तुमीच सांगा त्यास्नी." काय सांगू? सीटवरनं उठ म्हणजे खाटेवर पड, हेच की.

पहाटे परत जायचं हाय. गाडीत कुठल्या बाजूनं चढू, अजून ठरंना.