खाणीच्या हद्दीत एक इसम आहे

प्रति,
मा. खनिकर्म अधिकारी,
जिल्हा खनिकर्म कार्यालय

विषय : बंद खाण पुन्हा सुरू करून खडी काढण्यास हरकत.
संदर्भ : आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेली आपली जाहीर सूचना.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, मी खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, खाणीला लागून असलेल्या गल्लीतील रहिवाशांच्या वतीने हा अर्ज सादर करीत आहे. हरकती लेखी द्याव्यात असे सूचनेत म्हटले आहे. गल्लीत सरळ ओळीत लिहिणारा मीच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले.

१. जुनी खाण चालू असताना आमच्या दुकानात शिवलेले पांढरे सदरे गिऱ्हाईक येईपर्यंत राखाडी होत. शेजारच्या परटिणीने धुळीला कंटाळून धंदाच सोडला. आता तर दगड चिरडून खडी करणारा क्रशर बसणार आहे.

२. जुन्या सुरुंगांनी घरांना तडे गेले आहेत. आमच्या स्वयंपाकघरातील तड्याची खोली आपल्या पाहणी अधिकाऱ्यांनी पेन घालून मोजली. ते पेन अजून आतच आहे. सुरुंग आणखी खोल गेल्यास भिंती राहणार नाहीत आणि गल्लीची एकुलती एक विहीरही आटेल.

३. खडीचे ट्रक शाळेच्या फाटकासमोरच वळणार आहेत. दुसरा रस्ता नाही.

४. "खाणीच्या हद्दीत मानवी वस्ती नाही" असे सूचनेत नमूद आहे. ते चुकीचे आहे. पूर्वेकडच्या कड्याखाली माझा थोरला भाऊ आहे. तो सुरुंगासाठी भोके पाडण्याच्या कामावर होता. कडा कोसळला तेव्हा मी शाळेत जात होतो. खणू लागल्यास उरलेला कडाही येईल, असे सांगून तेव्हाच्या मालकाने खाण बंद केली व कुंपण घातले. भावाला कोणी बाहेर काढले नाही. सबब हद्दीत एक इसम आहे, अशी दुरुस्ती व्हावी.

५. खाणीतल्या माणसांची एक रीत होती. धुरळ्यात एकमेकांना दिसेनासे झाले की दगडावर हातोडीने दोनदा ठोकायचे, म्हणजे 'मी इथे आहे'. ऐकणाऱ्याने तसेच ठोकून उत्तर द्यायचे. आई अजून रोज संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन ठोकून येते. इतकी वर्षे उत्तर आले नव्हते. आपल्या माणसांनी चाचणीची भोके पाडली तेव्हापासून येते. आपले अभियंता म्हणाले, "अहो, भोकात पाणी शिरलं की दगड वाजतोच." पटण्यासारखे आहे. मात्र आई तापाने पडून होती तेव्हा दगड वाजला नाही. हल्ली त्या वेळेला गल्लीत कोणी रेडिओ लावीत नाही, आणि मशीनवर माझाही पाय थांबतो. मला भीती वाटते, महोदय. अर्जात असे लिहिण्याची पद्धत नसावी.

६. या अर्जावर आईची सही नाही. मी कागद पुढे केला, तो तिने बाजूला सारला. म्हणाली, "हरकत कसली घेतोस रे? त्याच्यासाठी कुणी टोपलीभर दगड उचलला नाही. आता खडीसाठी का होईना, उचलतायत ना? उचलू दे त्यांना." तिला वाटते, तो बाहेर येईल. क्रशर दगडाचे काय करतो ते तिने पाहिलेले नाही. सांगायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा मशीनवर परत येऊन बसलो.

तरी परवानगी नाकारावी, ही विनंती. द्यायचीच असेल, तर पूर्वेकडचा कडा सुरुंग न लावता पहारीने उतरवावा व त्या कामावर मला घ्यावे. दगड मी उचलीन, मजुरी नको. हेही नियमात बसत नसेल, तर त्या कड्याची खडी कोणत्या रस्त्यावर पसरणार, एवढे तरी लेखी कळवावे. आई विचारील तेव्हा मला तिला कुठेतरी न्यावे लागेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
गल्लीतला शिंपी

दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत : १. रहिवाशांच्या सह्या (एक सोडून)
२. तड्यांचे फोटो