बाराचं फाटक आणि मेथीचा वाफा

२८ जुलै, सोमवार

सुरू! आजपासून. लिहून ठेवते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

शनिवारी वाशिमला डॉक्टरांकडे गेलो होतो. गुडघ्याचा फोटो उजेडापुढे धरून म्हणाले, झीज आहे, वजन उतरवा, दिवाळीनंतर दाखवा. तेव्हाही असंच असेल तर ऑपरेशनचं बोलू. परतताना बसमध्ये ह्यांनी खिडकीची जागा मला दिली.

ऑपरेशनची भीती आहेच. पण त्याहून राग आहे, उकिडवं बसता येत नाही याचा. दोन वर्षं झाली, आमची मेथी वैष्णवी उपटते (सून. गुणी आहे, पण जुड्या ढिल्या बांधते). आणि मला आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारात भाजीमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलंय, देवीसारखं. या हिवाळ्यात मेथीच्या वाफ्यात मी बसणार. बस्स.

वैष्णवीनेच मोबाइलवर बघून समजावलं. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, बाकी वेळ पाणी. बीपीची गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरांना विचारलं, करा म्हणाले. मी याला फाटक म्हणते. रेल्वेचं असतं तसं, बंद म्हणजे बंद. फा.उ. बारा, फा.बं. आठ.

मुहूर्त श्रावण सोमवारचा! लय भारी वाटून राह्यलं.

३१ जुलै, गुरुवार

जमतंय! लोक उगाच बाऊ करतात. सकाळी वाटीभर साबुदाण्याची उसळ, मग एक केळं, मग थेट बारा. पोळी-भाताला शिवलेसुद्धा नाही. वैष्णवी सकाळभर शेतात, तिला संध्याकाळी सांगितलं, एकदम सोपं आहे. ती खूश.

३ ऑगस्ट, रविवार

काट्यावर उभी राहिले. भाजीचाच काटा, गोण्या मोजायचा. आमचे हे लिलावासारखे ओरडले, "ब्याऐंशी! ब्याऐंशी! बोला, कोन घेते?" टमाटं फेकून मारलं, लागलं नाही.

पण सुरुवातीला एक्क्याऐंशी होते! उपाशी राहून वाढलं? काटाच बिघडला असेल म्हणून बटाट्याची गोणी ठेवून बघितली. काटा बरोबर आहे. डोकं फिरलंय माझं.

४ ऑगस्ट, सोमवार

हसावं की रडावं. सकाळी वैष्णवी कोथिंबीर ठेवायला घरात आली, मी उसळीवर दाण्याचा कूट घेत होते.

"आई, हे काय?"

"उसळ."

"आता फाटक बंद हाय ना तुमचं?"

"मंग? उपासाचीच तं हाय."

ती दाराला धरून खालीच बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी. मला आधी काही कळेना. साबुदाण्याने उपास मोडत नाही हे जन्मभर शिकले, आणि हा असला उपास की साबुदाण्यानेही मोडतो! सासूबाई जपाची माळ खाली ठेवून मध्ये पडल्या, "साबुदाना चालत नाई, केळं चालत नाई, मंग हा उपास देवाले पोचते तरी काय?"

वैष्णवी म्हणाली, "देवाले नाई आजी, गुडघ्याले पोचते."

ठीक. आजपासून खरं सुरू. उसळ ह्यांनी संपवली.

९ ऑगस्ट, शनिवार

खरा उपास काय असतो ते आता कळलं. बाजारात आमच्या शेजारी भज्यांची गाडी. दहाला कढई तापते आणि वास सरळ माझ्या खुर्चीकडे येतो, दुसरीकडे कुठे जातच नाही. एका बाईने पालक उलटापालटा केला तर मी खेकसले, "घ्याचा असन तं घ्या, नाईतर ठुवा." तिने ठेवला.

कोरा चहा, बिनसाखरेचा. औषध.

बाराला डबा उघडला. ज्वारीची भाकर, आलू-वांग्याची भाजी. इतकी गोड भाकर कधी खाल्ली नव्हती. खोटं नाही लिहीत, डोळे मिटून खाल्ली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरणपोळीचं ताट साडेबाराला, म्हणजे फाटक उघडं! दोन खाल्ल्या, तूप घालून, ताठ मानेने. रात्री शेजारीण ताट घेऊन आली तेव्हा मात्र आठ वाजून गेलेले. नाही म्हटलं. तिला वाटलं माझा काही राग आहे. उद्या जाऊन समजूत काढावी लागेल.

७ सप्टेंबर, रविवार

अठ्ठ्याहत्तर!!! उतरून परत चढले, तेच. ह्यांची आरोळी, "भाव पडला वो, भाव पडला!" आज टमाटं मारलं नाही.

बांगड्या ढिल्या झाल्यात. काल बसमध्ये दांडा न धरता चढले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दमानं." कसलं दमानं! दिवाळी काय लांब आहे?

१६ सप्टेंबर, मंगळवार

फजिती. लवकर उतरावं म्हणून कुणाला न सांगता बाराला डबा उघडलाच नाही. चारपर्यंत ताणायचं ठरवलेलं. तीनच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी, मी टोपलीवर कलंडले, वांगी रस्त्यावर. भजेवाल्याने धावत येऊन साखर-मीठ घालून लिंबूपाणी पाजलं. ज्याला महिनाभर शिव्या दिल्या तोच.

डॉक्टर फोनवर रागावले, गोळी तपासायला बोलावलंय. वैष्णवीने संध्याकाळी सांडलेली वांगी पुसून टोपलीत भरली. मग एवढंच, "आई, मेथी काय पयून चालली काय? अजून पेरली बी नाई."

बरोबर आहे तिचं. बारा म्हणजे बारा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

नवरात्र. गोळी कमी झाली! डॉक्टर म्हणाले, बीपी चांगलं आहे, पण नसता आगाऊपणा करू नका.

सासूबाईंचे नऊ दिवस. मला धास्ती होती, सकाळीच भगर पुढे येणार. आलीच. मी हात जोडले. त्या झाकण ठेवून गेल्या. दिवसभर जड गेलं असतं, पण बाराला स्वयंपाकघरात गेले तर दोन ताटं वाढलेली. त्याही सकाळपासून थांबलेल्या! या वयात! म्हणाल्या, "एकटी काय जेवतं? उघडलं काय तुयं फाटक?"

भरूनच आलं मला. भगर आणि दाण्याची आमटी, दोघी पोटभर जेवलो. उद्यापासून थांबू नका म्हटलं, ऐकतील असं वाटत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मेथी पेरली! वाफे वैष्णवीने केले, बी मी फेकलं, उभ्यानेच. काट्यावर शहात्तर.

रोज पलंगाची कड धरून खाली बसून बघते. अर्ध्यावर कळ येते. काल अर्ध्याच्याही खाली गेले. कुणाला सांगितलं नाही अजून, फक्त इथे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीत फा.बं. पाळलं गेलं नाही. रात्री चकल्या समोर, पाहुणे समोर, काय करणार. आज परत सरळ. मेथी बोटाएवढी झालीय. रोज जाऊन बघते, हे म्हणतात बघून बघून पिवळी पडेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

बसले!!!

सकाळी दव होतं. वैष्णवी मेथी उपटायला निघाली, मी तिच्या मागे. वाफ्याच्या कडेला उभी राहिले. ती म्हणाली, "आई, धरू काय?" नको म्हटलं. हळूहळू गेले खाली. कळ आली, पण टेकले टाचांवर. मेथीचा वास एकदम नाकात. दोन वर्षांनी इतक्या जवळून! मुठीत धरून उपटली, मुळांची माती झटकली, जुडी बांधली. वैष्णवीच्या जुडीशेजारी ठेवली. ती स्वतःचीच जुडी उचलून परत बांधायला लागली. सरकत सरकत अर्धा वाफा केला.

उठताना पंचाईत. एक हात जमिनीवर टेकवला, तरी नाही. मग दुसरा वैष्णवीने धरला, तेव्हा उठले. हे बांधावरून बघतच होते. ओरडले, "पंच्याहत्तर किलो! बोला, कोन घेते?"

वैष्णवीने हात सोडला नव्हता. म्हणाली, "कोनी नाई, बाबा. इकाची नाई."

उद्या वाशिम. डॉक्टर काय म्हणतील कोण जाणे. बसणं जमलं, एकटीने उठणं अजून नाही. वैष्णवीला सांगून ठेवलंय, खालच्या दोन वाफ्यांना हात लावू नको, ते परवा मी उपटणार.