टाळू म्हणजे नेमकी कुठली

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? इकडे हे ठीक आहेत, आणि मी तुझ्या रागाच्या धाकात आहे.

तुझ्या सत्तरीच्या फोटोत मी एकटीच तोंडावर रुमाल धरून उभी आहे, म्हणून दोन महिने तुझा फोन नाही. ‘जळते मेली’ असं तू लेकीला म्हणालीस, तेही कळलं. (लेक तुझी असली तरी भाची माझी आहे.)

तर ऐक. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांमधली हिरडी झिजून तिथे काळं त्रिकोणी भोक पडलंय. ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते. (शाळेत शिट्टी वाजवली म्हणून नन तुला बाकावर उभं करायच्या, आठवतं? मी खाली बसून तुझे मोजे ओढायचे.) हसायचं तर मी वर्षापूर्वीच सोडलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन उपाय सांगितले. कापाकापी न करता दातांच्या कडांना दातात भरतात तो मसाला लावून भोक लहान दाखवायचं. हिरडी सैल करून दातांकडे ओढून शिवायची. नाहीतर टाळूचा छोटासा तुकडा काढून तिथल्या हिरडीखाली सरकवायचा. खालचं हाडच झिजलंय, तेव्हा भोक पूर्ण बुजेलच असं नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी टाळू निवडली.

आता आपण दोघी कॉन्व्हेंटच्या, तोंडातल्या टाळूला ‘पॅलेट’ म्हणत वाढलेल्या. टाळू मला एकच ठाऊक, आई न्हाऊ घालताना तेल जिरवायची ती, डोक्यावरची. तिथली कातडी तोंडात लावायची म्हणजे आधी केस काढायला नकोत? उद्या हिरडीला केस फुटले तर? मी तडक सलूनमध्ये गेले आणि मधोमध बशीएवढी जागा भादरून घेतली. (सलूनवालीने विचारलं, ‘‘आजी, टाके कुठे पडणार?’’ मी म्हटलं, ‘‘तोंडात.’’ तिने मशीन चालू केलं.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई, डोक्याला काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘तुमच्यासाठीच तयारी केलीय.’’ त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, खांदे नुसते हलत होते. शेवटी नर्सने स्वतःचा आ वासून जिभेच्या वर बोट दाखवलं. मग मीही हसले, ताई. रुमालाशिवाय, पोट दुखेपर्यंत. आणि तेव्हाच वाटलं, हे हसू तुझ्या फोटोत हवं होतं.

शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. राग सोड.

तुझीच,
धाकटी

ता. क. : नंतर घरी न्यायला कुणीतरी लागतं. हे रक्त पाहिलं की आडवे होतात, मग दोघांना कोण नेणार? तू बुधवारी ये. माझा दुधाचा दात काढताना हात तूच धरला होतास.

आणखी ता. क. : स्टेशनवर डोक्याला स्कार्फ बांधून येईन. काय हसायचं ते तिथेच हसून घे. गुरुवारनंतर मला हसवलंस तर टाके उसवतील, आणि भादरायला आता दुसरी टाळू नाही.