निळी वही मामांकडे गेली त्याची हकीकत

कांदावू बेट, फिजी,
मंगळवार (बोट उद्या आली तर)

प्रिय इनोके यास,

तुम्ही सगळे सुव्यात खुशाल असाल असं धरून पुढे लिहितो. नसाल, तर हे पत्र मिळेपर्यंत व्हाल. लितियावहिनींना नमस्कार सांग. इकडे तुझे वडील, म्हणजे माझे मामा, ठणठणीत आहेत. (हे वाक्य मी दोनदा तपासलं. गुडघा दुखतो खरा, पण तो फक्त गावकामाच्या दिवशी, म्हणून धरला नाही.) मामी तर आजवर कधी पाहिली नव्हती इतकी आनंदात आहे. त्याचं कारण मी आहे, आणि त्या कारणाचीच ही हकीकत.

माझी निळी वही तुला आठवत असेल. कॉलेजपासून मी रोज संध्याकाळी काही ना काही लिहितो. फार मोठं नाही, आपली मतं. हवा, शाळा, माणसं, आज काय शिजलं आणि ते का शिजलं. महिन्याभरापूर्वी मामा माझ्या ओट्यावर बसले होते. त्यांनी वही उचलली, वजन करून पाहिली आणि म्हणाले, "भाच्या, छान आहे रे ही. मला दे." आता मामांनी मागितल्यावर केरेकेरेला, म्हणजे आपल्या माणसाच्या मागण्याला, नाही म्हणायचं नसतं, हे तुला मी काय सांगणार? माझा फुलांचा शर्ट अजून तुझ्याकडेच आहे. मी एवढंच म्हणालो, "मामा, निम्मी भरलेली आहे." ते म्हणाले, "असू दे. मला हातात धरायलाच हवी आहे." गावप्रमुख रविवारी देवळाबाहेर सूचना देतो तेव्हा त्याच्या हातात वही असली म्हणजे लोक ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. वाचायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांचा चष्मा साकियुसाकाकांनी गेल्या पावसाळ्यात असाच 'छान आहे' म्हणून मागून नेला. काकांना त्यातून काही दिसत नाही, पण ते भारदस्त दिसतात, म्हणून रोज घालतात.

मी वही दिली. देताना एक क्षणभर थांबलो, आणि त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. मग घरी येऊन दिलेल्या वहीत काय काय आहे ते आठवत बसलो. मामांच्या गाण्याबद्दल होतं: 'मामा भजन सगळ्यांच्या आधी सुरू करतात आणि सगळ्यांच्या नंतर संपवतात. मधलं कोणाच्या लक्षात राहत नाही.' गावातल्या कामाबद्दल होतं: 'आपल्याकडे काम तीन प्रकारचं. एक करायचं, एक केलं म्हणून सांगायचं, आणि एक ज्याची फक्त सभा घ्यायची.' मामीच्या कसाव्याच्या पुडिंगबद्दल होतं की त्याने होडीची फट बुजवता येईल. (हे अन्यायाचं होतं. ते पुडिंग मी त्या दिवशी तीनदा घेतलं होतं, पण तेवढं लिहायचं राहिलं.) मी चार दिवस जेवलो नाही म्हणण्याइतकं कमी जेवलो. या गावात मला जन्म काढायचा आहे रे, आणि गावाने तोंड फिरवलं तर माणसाने जायचं कुठे? समुद्रात?

शेवटी मला माझा हक्क आठवला. भाच्याने मामाच्या घरातून न विचारता काहीही उचलावं, कोणी ब्र काढत नाही. हा हक्क मी आयुष्यात एकदाच वापरला होता, एका कोंबडीसाठी, आणि नंतर ती परत केली होती. रविवारी जेवणानंतर मी मन घट्ट करून मामांच्या दारात उभा राहिलो. आत चटईवर वीसेक माणसं. मध्ये प्यायच्या यंगोनाचं भांडं, वाट्या फिरताहेत. आणि मामी माझी वही मोठ्याने वाचत होती!

मी मागच्या मागे सटकणार, तोच मामी ओरडली, "ये रे, होडी बुजवणाऱ्या! बस. तुझ्यासाठी वाढून ठेवलंय, पुडिंगच." सगळे इतके हसले की भांडं हेलकावलं. मामा म्हणाले, "गाण्याचं बरोबर लिहिलंस. पण मधलंसुद्धा मी म्हणतो, एवढं घालायला हवं होतं." साकियुसाकाका मात्र रुसून बसले होते. मला वाटलं, चष्म्याबद्दलचं लागलं असेल. तर नाही. "आपल्या गावच्या त्या होडीवाल्याला पाच पानं, आणि मला चार ओळी? मी काय वाईट वागलो तुझ्याशी?" इनोके, ज्यांच्याबद्दल वहीत काहीच नव्हतं त्या तिघांच्या बायका रस्त्यात माझ्याशी बोलत नाहीत. एकीने तर भांडण उकरून काढलं, मी लिहावं म्हणून.

मी पाप केलं की पुण्य, याचा अजून निकाल लागत नाही. पण चार वाट्या झाल्यावर मी इतका हसत होतो की निकाल पुढे ढकलला.

एक गोष्ट तेवढी अवघड झाली. वाचता वाचता मामी एका पानावर थांबली, ते मनातल्या मनात वाचलं, नाक पुसलं आणि मामांना म्हणाली, "हे मी मोठ्याने वाचणार नाही. तुमच्याबद्दल आहे. तुमचं तुम्ही वाचा." तेव्हापासून मामांना चैन नाही. त्यांची खात्री आहे की त्यात काहीतरी भयंकर आहे. रोज सकाळी माझ्या वर्गात येऊन विचारतात, "नक्की काय लिहिलंयस रे?" आणि मी शाळेचे खडू मोजतो.

सगळ्यांना आठवण.

तुझा आत्येभाऊ,
अपेनिसा

ता. क. खरं काम राहिलंच. येताना वाचायचा एक चष्मा आण, जाड भिंगाचा. तुझ्या वडिलांसाठी.

ता. क. दुसरा. तुझ्याबद्दलचं पान वाचून झालं आहे. ('सुव्यात दोन आठवडे काढलेला इनोके इंग्रजीत शिंकतो.') धक्क्यावर उतरलास की लोक शिंकून दाखवतील. मनाला लावून घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. मामांच्या त्या पानावर एवढंच आहे की आई गेली त्यानंतर चार दिवस मामा माझ्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते, आणि त्या जाळ्याला एकही भोक नव्हतं. हे मी त्यांना तोंडाने सांगू शकत नाही. तूही सांगू नकोस. चष्मा आण.

ता. क. चौथा. तो बोटीवर डोळ्यांना लावू नकोस आणि कोणाला दाखवू नकोस. सुकाणूवाला आपला नातेवाईक आहे. खरं तर दोनच आण. एक मागून न्यायला.